स्ट्रेफर चेसिस किट: बचावाला कितपत कामाचं?

नाशकातली एखादी शाळा फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबो स्पर्धेत, म्हणजे एफटीसीत, उतरायचं ठरवते तेव्हा पहिली मोठी खरेदी चेसिसची, म्हणजे रोबोच्या चाकांवरच्या सांगाड्याची असते. त्या चर्चेत गोबिल्डा कंपनीच्या स्ट्रेफर किटचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. चार मेकॅनम चाकं (कडेला तिरके रोलर असलेली, गाडीला आडवंही सरकवणारी), चार मोटरी, दोन बाजूंना यू-चॅनेल, म्हणजे यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या. अ‍ॅलन की घेऊन बसलं की शनिवार-रविवारात गाडी चाकांवर उभी राहते. उचलणं, फेकणं, गुण मिळवणं यासाठी ती चांगली आहे हे आता सांगायला नको. इथे फक्त एक बाजू बघू: समोरच्या रोबोला अडवायची वेळ आली तर ही गाडी टिकते का?

“मेकॅनमला रेटा नसतो, म्हणून बचाव जमत नाही” हे वाक्य पिटमध्ये, म्हणजे टीम रोबो दुरुस्त करत बसतात तिथे, सर्रास ऐकू येतं. त्यातलं पहिलं निम्मं खरं आहे. दुसरं निम्मं चुकीचं, आणि त्या चुकीपायी टीम चांगली चाकं काढून भलतंच काहीतरी बसवतात.

आधी रेट्याचा हिशेब. किटमधली ५२०३ मालिकेची मोटर १२ व्होल्टला विनाभार ३१२ आरपीएम फिरते. गिअर १९.२ ला १, पूर्ण अडल्यावरचा टॉर्क २४.३ किलो-सेंटिमीटर, आणि त्या वेळी ती खेचते ९.२ अँपिअर. नव्या किटचं चाक १०४ मिलिमीटर व्यासाचं. रोबो १३ किलोचा धरा, आणि मैदानाच्या मॅटवरची पकड हिशेबापुरती १ धरा (मळलेल्या मॅटवर ती कमीच भरते). साध्या रबरी चाकांची गाडी असती तर ती १३ किलोच्या जोराने रेटू शकली असती. मेकॅनमचे रोलर मात्र ४५ अंशांत तिरके बसवलेले असतात आणि आपल्या आसाभोवती मोकळे फिरतात. त्यामुळे जमिनीची पकड फक्त त्या तिरक्या आसाच्या रेषेत लागते. तिचा पुढे जाणारा वाटा ०.७१, आडवा वाटा डावी-उजवी चाकं एकमेकांविरुद्ध खाऊन टाकतात. १३ किलोचे उरले ९.२. यात किटचा दोष काही नाही. कुठल्याही कंपनीचं मेकॅनम घेतलं तरी ही वजावट होणारच.

आता वीज. ९.२ किलोचा रेटा चार चाकांत वाटला की प्रत्येक मोटरवर सुमारे १२ किलो-सेंटिमीटर टॉर्क येतो. तो अडल्या टॉर्कच्या निम्मा, म्हणजे प्रत्येकी साडेचार अँपिअर आणि चौघींचे मिळून १८. गिअरमधलं घर्षण यात धरलेलं नाही. एफटीसीत सर्रास वापरली जाणारी १२ व्होल्ट, ३००० एमएएचची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी २० अँपिअरच्या फ्यूजमागे असते. म्हणजे मेकॅनम मॅटवर घसरायला लागतं ते फ्यूजच्या मर्यादेच्या जरा अलीकडे. ती घसरण बघून कोच कपाळाला हात लावतात, पण त्या क्षणी तीच बॅटरीला वाचवत असते.

चाकं बदलणाऱ्यांचं काय होतं ते बघा. तीच मोटर ठेवून तेवढ्याच व्यासाची साधी रबरी चाकं बसवली की रेटा १३ किलोचा मिळतो खरा, पण प्रवाह जातो २६ अँपिअरवर. फ्यूज तिथे लगेच उडत नाही. ब्लेड फ्यूजच्या मानकात १३५ टक्के प्रवाहाला पाऊण सेकंद ते १० मिनिटं एवढी मोठी सूट आहे. त्याआधी व्होल्टेज कोसळतो, सर्व्हो (हात हलवणाऱ्या छोट्या मोटरी) लुळे पडतात, हात खाली येतो आणि जास्तच ताणलं तर कंट्रोल हब, म्हणजे रोबोचा मेंदू, रीस्टार्ट होतो. मग ड्रायव्हर ओरडतो की वायफाय गेलं. वायफाय कुठेही गेलेलं नसतं.

रबरी चाकं हवीच असतील तर मोटरही बदला. त्याच मालिकेतली २२३ आरपीएमची मोटर ३८ किलो-सेंटिमीटरची आहे. १३ किलोचा रेटा ती साधारण १६ अँपिअरमध्ये देते. किंमत मोजावी लागते ती वेगात. ३१२ ची गाडी सेकंदाला १.७ मीटर धावते, २२३ ची १.२. मैदान १२ फूट बाय १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायला ही गाडी जवळजवळ एक सेकंद जास्त घेते, आणि आडवं सरकणंही गेलं.

आणि बचावात तो एक सेकंद रेट्याच्या चार किलोंपेक्षा मोलाचा आहे. कारण नियम.

२०२४-२५ च्या हंगामापासून एफटीसीत समोरच्याला दाबून धरायला, म्हणजे ‘पिन’ करायला, फक्त ३ सेकंद मिळतात. नंतर किमान २ फूट लांब जायचं आणि ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लांब राहायचं, तेव्हा कुठे मोजणी संपते. अर्धवट मागे येऊन पुन्हा भिडलात तर रेफरीची मोजणी जिथे होती तिथून पुढे सुरू. फाउलचे गुण थेट समोरच्याच्या खात्यात जमा होतात, म्हणजे अडवून जे वाचवलं ते आपल्याच हाताने देऊन टाकायचं. ३ सेकंदांपुरत्याच वापरायच्या ताकदीसाठी अख्ख्या सामन्याचा वेग घालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. (व्हेक्स या दुसऱ्या रोबो स्पर्धेत खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवा: तुमच्याकडे मोजणी ५ पर्यंत असते. दोन्हीकडे खेळणारी मुलं हे हमखास गोंधळतात.)

तेव्हा बचाव म्हणजे आधी पोचणं. सिंहस्थात रामकुंडावरची गर्दी रामकुंडावर उभं राहून आवरत नाहीत. वाहनतळापासूनच वाटा वळवतात. इथेही तसंच. समोरचा रोबो गोलजवळ पोचल्यावर त्याला रेटत बसलात तर उशीर झालेला असतो, आणि बहुतेक हंगामांत गोलजवळच्या किंवा सामान घेण्याच्या जागा नियमाने संरक्षित असतात, तिथे नुसता स्पर्शही महागात पडतो. अडवायची जागा मधली. तो सामान उचलून वळतो आणि सरळ रेषेत येऊ लागतो, त्या रेषेवर आधी जाऊन उभं राहायचं. १८ इंचांचा रोबो १४४ इंचांचं मैदान अडवू शकत नाही, पण समोरच्याला दोनदा वळायला लावू शकतो. प्रत्येक वळण म्हणजे त्याचा एखाद-दीड सेकंद. आणि इथे स्ट्रेफर खुलते. तोंड त्याच्याकडे ठेवून ती आडवी सरकते, तो डावीकडे वळला की डावीकडे, उजवीकडे वळला की उजवीकडे. कबड्डीतला कव्हर चढाईपटूसमोर जसा सरकत राहतो तसं. साध्या चाकांच्या टँक चेसिसला याच कामासाठी आधी वळावं लागतं, मग जावं लागतं, मग पुन्हा वळावं लागतं.

धडक द्यायचीच असेल तर कुठे द्यायची? मध्यावर नको, कोपऱ्यावर द्या. मध्यावर रेटलं की दोन रोबोंची ताकद समोरासमोर येते आणि तिथे आपण ०.७१ वाले. कोपऱ्यावर, केंद्रापासून २० सेंटिमीटर बाजूला रेटा लागला की समोरचा फिरतो. २०२५-२६ च्या ‘डिकोड’सारख्या खेळात, जिथे चेंडू लांबून गोलात फेकायचे असतात, तिथे एवढंच पुरतं. फेकणारा रोबो ५ अंश फिरला तर ३ मीटरवर नेम २६ सेंटिमीटरने हुकतो. पुन्हा नेम धरायला त्याला वेळ लागतो, आणि तोवर आपण २ फूट मागे सरकलेले असतो. पिन नाही, फाउल नाही. मात्र समोरच्याची गाडी उलटेल अशी चाल, उचलणारी उतरती फळी, अडकवणारा आकडा यांच्या जवळपासही जाऊ नका. यलो कार्ड तिथेच मिळतं.

रेटताना स्ट्रेफरचं पुढचं किंवा मागचं तोंड वापरा, बाजू नको. कागदावर आडवा जोरही तेवढाच येतो, पण प्रत्यक्षात रोलरच्या आसांचं घर्षण तो खातो. त्यात आडवं रेटताना वजन पुढे-मागे असमान असेल तर गाडी स्वतःच तिरकी होते.

मूळ किटमध्ये जे नाही आणि बचावासाठी लागतं, ते आता.

सगळ्यात आधी बाजूची पट्टी. स्ट्रेफरची चाकं बाजूने उघडी राहिली तर समोरच्याचं चाक, वायर किंवा इनटेकचा (सामान आत ओढणाऱ्या यंत्रणेचा) पट्टा त्यात शिरतो. दोन रोबो एकमेकांत अडकले की रेफरी कोणाची चूक ठरवील ते सांगता येत नाही. ३ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची ४५० बाय ९० मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंना लावा. एक पट्टी सुमारे १४५ ग्रॅम भरते. खालची कड मॅटपासून १० ते १२ मिलिमीटर वर ठेवा. त्याहून खाली आणली तर मॅटच्या सांध्यात घासते, वर ठेवली तर समोरचं चाक खाली शिरून चढतं. पट्टीची जाडी आणि स्क्रूची डोकी धरून रुंदी १८ इंचांत बसायला हवी, नाहीतर तपासणीच्या टेबलावरूनच परत पाठवतात.

इथे नाशिककरांसाठी एक सूचना. अंबड-सातपूरला शीट कापून देणारे पुष्कळ आहेत, पण लेझरवाल्याकडे पॉलिकार्बोनेट घेऊन जाऊ नका. ते लेझरने नीट कापलं जात नाही. कड तपकिरी होते, जळते आणि धूर वाईट. जाणता माणूस हातच लावणार नाही. न जाणणारा “अ‍ॅक्रिलिक देतो, दिसायला तेच” म्हणेल. दिसायला तेच, पण पहिल्याच धडकेत तडा जातो आणि तुकडे मैदानावर. पॉलिकार्बोनेट राउटरवर कापून घ्या किंवा बारीक दाताच्या पात्याने जिगसॉवर. भोक पाडताना खाली लाकडी फळी ठेवा आणि भोक स्क्रूपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं घ्या, म्हणजे धक्क्याला पट्टीला हलायला जागा राहते.

दुसरं वजन. हंगामाच्या रूलबुकात वजनाची मर्यादा काय आहे ते आधी बघा. जागा असेल तर ५० बाय ६ मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही लोखंडाच्या दुकानात मिळते. मीटरला २.३५ किलो, ३०० मिलिमीटरचे दोन तुकडे म्हणजे १.४ किलो. ते चेसिसच्या तळाशी, चाकांच्या आसांपेक्षा खाली आणि चारही चाकांवर सारखा भार येईल असे बसवा. मेकॅनममध्ये एक चाक हलकं पडलं की आडवी चाल बिघडते. यापेक्षा जास्त वजनाच्या मोहात पडू नका. १४.४ किलोला वरचाच हिशेब लावला तर घसरण सुरू होते बरोबर २० अँपिअरला, म्हणजे फ्यूजच्या काठावर. शिसं वापरू नका, ते मुलांनी हाताळायची वस्तू नाही.

तिसरं, घट्टपणा. धडकांचा मार शेवटी हबच्या, म्हणजे चाक शाफ्टला धरून ठेवणाऱ्या भागाच्या, क्लॅम्पवर येतो. एम४ स्क्रू, ३ मिलिमीटरची अ‍ॅलन की. प्रत्येक सामन्यानंतर आठही जागी की लावून बघायची आणि स्क्रूच्या डोक्यावर मार्करने रेघ ओढून ठेवायची. रेघ सरकली की सैल झालं हे लांबून दिसतं. लॉकटाइट निळंच. लाल लावलंत तर पुढच्या वर्षी ड्रिलने काढावं लागेल. स्ट्रेफरमध्ये मोटर चॅनेलच्या आत आडवी असते आणि काटकोनी गिअरमधून चाक फिरवते. बाजूने मार बसून शाफ्ट सरकला तर त्या दातांमध्ये फट पडते. हाताने चाक पुढे-मागे हलवून बघा. एका चाकाची मोकळीक बाकी तिघांपेक्षा जास्त लागली तर शिम (पातळ चकती) घालून फट भरा. तसंच चालवलं तर दातांचा “कट् कट्” आवाज येतो आणि तेवढ्या वेळात दात झिजलेले असतात.

रोलरच्या टोकांना केस आणि मॅटचे तंतू गुंडाळले जातात. चिमटा जवळ ठेवा. अडकलेला एक रोलरही गाडी एका बाजूला ओढतो, आणि मुलं मग कोडमध्ये चूक शोधत बसतात.

आता कोड. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. मोटरला ‘ब्रेक’ मोड दिला म्हणजे गाडी जागेवर रोवली गेली असं धरून चालतात. ब्रेक मोड मोटरची दोन टोकं जोडतो. त्याचा विरोध फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतो. वेग शून्य, विरोधही जवळजवळ शून्य, उरतं ते गिअरचं घर्षण. त्यामुळे समोरच्याने हळूहळू रेटलं की गाडी हळूहळू सरकत जाते. जागा धरायची असेल तर एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरची) त्या क्षणाची आकडेवारी लक्ष्य म्हणून द्या आणि ‘रन टू पोझिशन’ लावा, पॉवर ०.५ च्या आसपास. ही मोटर एका फेरीला ५३७.७ मोजण्या देते, म्हणजे चाक एक मिलिमीटर सरकलं तरी कळतं. गेमपॅडच्या एका बटणावर हे ठेवा: दाबलं की गाडी रोवली, सोडलं की मोकळी.

त्यालाच जोडून ३ सेकंदांचा काटा. चारही मोटरींचा प्रवाह ४ अँपिअरच्या वर आणि चाकांचा वेग शून्याजवळ, म्हणजे आपण कोणाला तरी रेटतोय. तिथून टायमर सुरू करा आणि २ सेकंद झाले की गेमपॅड थरथरवा. ड्रायव्हरची नजर मैदानावर असते. आकडा वाचायला लावण्यापेक्षा हाताला कळलेलं बरं. एक खाच आहे: मोटरचा प्रवाह बल्क रीडमध्ये (सगळे आकडे एकदम वाचण्यात) येत नाही, दर वेळी वेगळा विचारावा लागतो आणि कोडचा लूप मंदावतो. म्हणून लूपच्या प्रत्येक फेरीत एकाच मोटरचा वाचा, चार फेऱ्यांत चौघींचा होतो.

पण मुळात बचाव करावा का? त्याचं उत्तर किटमध्ये नाही, वहीत आहे. टेलिऑप, म्हणजे ड्रायव्हर रोबो चालवतात तो भाग, २ मिनिटांचा. समोरच्याची सामान आणून गुण करायची एक फेरी १२ सेकंदांची असेल तर त्याच्या १० होतात. तुम्ही प्रत्येक फेरीला ३ सेकंद वाढवलेत तर ८ होतील. वाचवल्या २. तेवढ्या वेळात तुम्ही स्वतः २० सेकंदांच्या ६ फेऱ्या मारू शकत असाल, तर पूर्णवेळ बचाव म्हणजे ६ देऊन २ घेणं. एफटीसीत अलायन्स, म्हणजे एका बाजूची जोडी, दोन रोबोंची. एक बचावाला बसवला की निम्मा हल्ला गेला. एफआरसीत, म्हणजे फर्स्टच्याच मोठ्या रोबोंच्या स्पर्धेत, तीन असतात, म्हणून तिथे हा सौदा जास्त वेळा परवडतो. एफटीसीत बचाव परवडतो तो तुमचा हात किंवा शूटर मोडलाय तेव्हा, किंवा समोरच्या दोघांपैकी एकटाच सगळे गुण करतोय तेव्हा. नाहीतर जाता-जाता: सामान आणायला निघालेला तुमचा रोबो वाटेत त्याच्या रेषेवरून एक सेकंद हळू जातो, बस. स्काउटिंगच्या (इतर टीमचा खेळ बघून टिपायच्या) कागदावर गुणांसोबत फेरीचे सेकंद आणि वाट लिहिली तरच हे ठरवता येतं. ऑटोच्या, म्हणजे रोबो आपला आपण चालतो त्या, ३० सेकंदांत मात्र समोरच्याच्या वाटेला जाऊ नका, ते नियमात बसत नाही.

सराव कशावर करता हेही बघा. शाळेच्या हॉलच्या फरशीवर मेकॅनम अगदी वेगळं वागतं, पकड कमी, घसरण जास्त, आणि तिथे जमवलेले ब्रेकचे आकडे स्पर्धेच्या मऊ मॅटवर चालत नाहीत. जिमसाठी मिळणारे ईव्हीए मॅट जास्त टणक असतात, तरी फरशीपेक्षा खूप बरे. पूर्ण ३६ नकोत; २४ इंची १६ तुकड्यांत, ८ बाय ८ फुटांत, अडवण्याचा सराव होतो. एक रोबो पुरत नाही. दुसरी टीम बोलवा, नाहीतर जुन्या चेसिसवर १० किलो पुस्तकं बांधून ती समोर चालवा.

कॉलेजच्या रोबो सॉकरसाठी हे किट घेऊ नका. तिथल्या धडकांना आणि बजेटला जॉन्सन मोटरीची चौकट परवडते. रोबोकॉन या कॉलेजांच्या स्पर्धेत वजन आणि मैदान दोन्ही मोठं. २०२५ च्या एबीयू रोबोकॉनचा विषय बास्केटबॉल होता आणि अडवणं हा खेळाचाच भाग, पण त्या गाड्या सगळ्या घरच्या बांधणीच्या.

आमचे गुण: हल्ल्याला ५ पैकी ४.५. बचावाला आहे तशी ३. पट्टी, एमएस आणि वरचा कोड घातल्यावर ४. त्यापुढे ती जाणार नाही, ०.७१ आडवं येतं.

मागवताना किटसोबतच एक जादा ३१२ ची मोटर, डाव्या-उजव्या बाजूचं एकेक जादा चाक आणि ८ मिलिमीटरचे शिम घ्या. नंतर एकेक नग मागवला तर वस्तूपेक्षा पार्सल महाग पडतं. मेकॅनमची डावी-उजवी चाकं वेगळी असतात. बसवल्यावर वरून बघा, रोलरच्या रेघांचा फुलीसारखा आकार दिसला पाहिजे. उलटं बसलं तर गाडी पुढे-मागे ठीक चालते, आडवीही सरकते, पण जागच्या जागी वळताना रेटाच उरत नाही. फ्यूज २० अँपिअरचेच, मिनी ब्लेड, चांगल्या कंपनीचे पाच-सहा. गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे मिळतात. तो ३० चा देऊ करील, “उडणार नाही” म्हणून. घेऊ नका.